गाडीची जीभ

"जीभ दाखवा बघू."

नमस्कार नाही, कसं काय नाही. समोर आलेल्या माणसाला मामा पहिल्यांदा हेच म्हणायचे. माणूस लहान असो की मोठा, त्याने जीभ काढली की मान तिरकी करून ती निरखायचे आणि बहुतेक वेळा निराश व्हायचे. "आतनं साफ न्हाय," असं म्हणून मग एरंडेल किती घ्यायचं, कशातून घ्यायचं आणि वरून काय प्यायचं ते सांगत बसायचे. भिवंडीतल्या एका पॉवरलूमवाल्या शेठच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी माझीही जीभ तपासली गेली. नुकता बी.कॉम. झालेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मी, ऑफिसच्या दारात जीभ बाहेर काढून उभा, आणि समोर शिफ्ट सुटलेले कामगार पोट धरून हसतायत. नोकरीची सुरुवात अशी झाली.

मामा शेठचे ड्रायव्हर. त्यांना नाव होतं, पण लूमवरच्या पोरांपासून शेठच्या बायकोपर्यंत सगळे मामाच म्हणत, तेव्हा इथेही तेच म्हणतो. मूळचे आतल्या एका खेड्यातले, भातशेती करणाऱ्या घरातले. जमीन भावांच्या हवाली करून तरुणपणी ट्रकवर क्लीनर म्हणून चढले ते स्टिअरिंगवर येऊनच थांबले. राहायला कामतघरच्या चाळीत. भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना, त्यामुळे घरात ओरडूनच बोलावं लागे. तीच सवय गाडीतही. आपण शेजारी बसलेलो असायचो आणि मामा खाडीपलीकडच्या माणसाला सांगावं तसं सांगत असायचे.

त्यांच्या मते गाडीलाही जीभ होती. इंजिनातलं ऑइल मोजायची ती लोखंडी पट्टी असते ना, ती. रोज सकाळी बॉनेट उघडून ते पट्टी उपसत, ऑइलचा थेंब अंगठा आणि बोटामध्ये चोळत, नाकाशी नेत, आणि मग कुणी विचारलेलं नसतानाही अंगठा आपल्यापुढे धरत. "बगा. जीभ बगा हिची." मला त्यात काळ्या तेलापलीकडे कधी काही दिसलं नाही. त्यांना मात्र कालचा सगळा प्रवास दिसत असावा.

चाळीतल्या पोरांचे रविवार मामांनी नासवलेले होते. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मामा एरंडेलाची बाटली आणि वाटी घेऊन गॅलरीत बसत. आया पोरांना धरून आणत. काही पोरं भल्या पहाटेच गायब होत, वऱ्हाळादेवीच्या तळ्यावर जाऊन बसत. मामा तिथे गाडी धुवायच्या निमित्ताने पोचत आणि गाडीत घालून त्यांना परत आणत. पोरांच्या दृष्टीने ही फसवणूकच होती, कारण गाडीत बसायला मिळणार या आनंदात ती आपणहोऊन आत चढलेली असत. पहिली वाटी मात्र मामा स्वतः रिकामी करत, मिशा पुसत आणि म्हणत, "मेलो काय मी? न्हाय ना? मंग घे."

असा एखादा स्वयंघोषित वैद्य तुमच्याही आळीत असेल. आपण त्याला हसतो, टाळतो, आणि घरात कुणाचं पोट दुखलं की त्यालाच हाक मारतो. मामांना वाईट म्हणणारा माणूस मला भिवंडीत भेटला नाही.

पुढे शेठनी नवी गाडी घेतली. नव्या गाडीवर तरुण ड्रायव्हर आला आणि जुनी गाडी शेठनी मामांना देऊन टाकली. चालवून चालवून तिच्या मैलांचं मीटर एकदा पुरतं संपून पुन्हा शून्यापासून मोजायला लागलं होतं. "नवी झाली बगा परत," असं मामा मीटरवर बोट ठेवून सांगत. ती त्यांनी भाड्याने चालवायला काढली. लग्नाची वरात, बाळंतीण, राहनाळच्या गोदामावर जाणारे व्यापारी, आणि कापडाचे नमुने घेऊन मुंबईच्या बाजारात जाणारा मी. पुढच्या सीटवर, मामांच्या शेजारी, मांडीवर नमुन्यांचं बोचकं घेऊन मी किती वेळा बसलो असेन, सांगता येत नाही.

मामी त्या गाडीत कधीच बसलेल्या नव्हत्या. आधी ती शेठची होती म्हणून, आणि नंतर ती धंद्याची होती म्हणून. मामी म्हणजे अगदी बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. लूमच्या आवाजात त्यांचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसे. मूलबाळ नव्हतं. मामा गाडी धूत असताना त्या गॅलरीतून बघत उभ्या राहत, एवढाच त्यांचा आणि गाडीचा संबंध.

त्यांच्या ओटीपोटात दुखायला लागलं तेव्हा मामांनी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. एरंडेल दिलं. थांबलं नाही, म्हणून पुन्हा दिलं. ओव्याचं पाणी, हिंगाचा लेप, परत एरंडेल. मामी मुकाट्याने घेत राहिल्या. त्यांनी नवऱ्याचा शब्द मोडला नसता, आणि खरं तर त्या शब्दावर त्यांचा विश्वासही होता, कारण अख्ख्या चाळीचा होता. असे कित्येक महिने गेले. शेवटी अंगावरून जायला लागलं तेव्हा शेजारच्या बायकांनीच मामांना दटावून त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायला लावलं. गाडी तेव्हा गॅरेजात होती म्हणून एसटीने गेलो; मी बरोबर होतो. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मामांना आत बोलावलं आणि विचारलं, "इतके महिने काय करत होता तुम्ही?"

मामा म्हणाले, "पोट साफ करीत हुतो."

बाई कागदावर लिहीत राहिल्या. मामांचा तो नेहमीचा मोठा आवाज मी त्या खोलीत पहिल्यांदा खाली आलेला ऐकला आणि मला फार वाईट वाटलं.

कॅन्सर होता. लाईट द्यायची ठरली. विजेच्या मशिनीखाली घेतात त्याला सगळे लाईटच म्हणत. ठरलेल्या वारांना मुंबईला जायचं, लाईट घ्यायची आणि परत यायचं. सगळ्या लाईट पुऱ्या झाल्या पाहिजेत, मधे खंड पडता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. तेवढं झालं तर आशा आहे असंही म्हणाल्या होत्या. मामांनी त्यातलं फक्त आशा आहे एवढंच धरून ठेवलं.

अशा रीतीने मामी पहिल्यांदा गाडीत बसल्या. मला तो दिवस स्पष्ट आठवतो; बाजाराच्या माझ्या खेपा मी त्याच वारांना ठेवल्या होत्या. मामांनी मागचं दार उघडून धरलं, तर त्यांनी आधी चपला काढून हातात घेतल्या.

"अगं, चपला काय काढतेस? देऊळ हाय काय ते?"

"घान हुईल," मामी म्हणाल्या, आणि सीटच्या कडेवर टेकल्या. खाडीचा पूल आला तेव्हा कुठे त्या मागे रेलल्या आणि काचेला कपाळ लावून पाणी बघत राहिल्या. मामा पुढून ओरडून त्यांना सगळं दाखवत होते, ही रेतीची होडी, ते मिठागर, तो अमक्याचा कारखाना. आजारपणाची जत्रा म्हणा, पण त्या पहिल्या काही खेपांमध्ये दोघंही खुशीत होती. इतकी वर्षं संसार करून ती दोघं एकत्र कुठे गेलीच नव्हती.

नंतर त्रास सुरू झाला. लाईट घेतली की येताना मामींना मळमळायचं. आणि गाडी धूर करायची. म्हातारं इंजिन, ऑइल खायचं आणि निळा धूर सोडायचं. तो मागून जाता तर एक वेळ चाललं असतं, पण गाडीचा तळ गंजून फुटलेला, त्या भोकांतून धूर आत येई आणि मागच्या सीटवर आडव्या पडलेल्या मामींच्या नाकातोंडात जाई. मामांनी तळाला गोणपाट घातलं, त्यावर गोधडी घातली. काचा उघड्या ठेवल्या. मामी पदर नाकाला लावून पडून राहत. "न्हाय, काय न्हाय हुत मला," असं म्हणत आणि पुढच्या वळणावर गाडी थांबवायला लागे.

गाडी थांबली की मामा त्यांना धरून रस्त्याच्या कडेला नेत, पाठ चोळत, तांब्यातलं पाणी देत. मी तोंड फिरवून उभा राही. परत गाडीत बसताना मामा धुराच्या नळीकडे ज्या नजरेने बघायचे, तसं त्यांनी कुणा माणसाकडेही बघितलेलं मला आठवत नाही.

त्याच सुमारास बाजारात एक औषध आलं. इंजिनात ओतायचं. पत्र्याचा लहान डबा, वर चकचकीत इंजिनाचं चित्र. जुन्या ऑइलमध्ये ओतायचं, गाडी जागच्या जागी थोडा वेळ चालू ठेवायची, मग ते सगळं ऑइल काढून नवं भरायचं. आतला सगळा काळा थर विरघळून बाहेर येतो, इंजिन धुतल्यासारखं होतं, धूर थांबतो. स्पेअर पार्टवाल्याने हे समजावून सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा उजळला. त्यांना कुणी नवं काही सांगत नव्हतंच. इंजिनाचा जुलाब.

गॅरेजवाले उस्ताद आझमगडकडचे, अर्धं आयुष्य भिवंडीत काढलेले. मामांच्या गाडीचा नट अन् नट त्यांच्या हातचा. त्यांनी डबा बघितला आणि परत मामांच्या हातात दिला.

"मामा, ये मत डालो. नई गाडी होती तो मैं खुद डालता. ये बूढी है. जो मैल जम गया है ना अंदर, उसीने सब पकड के रखा है. छेडोगे तो छूटेगा, और छूटके कहाँ अटकेगा, अल्ला जाने."

"मैल कभी किसी के काम आता है क्या, उस्ताद?"

"इंजन खोलने दो मुझे. रिंग बदलता हूँ, धुआँ बंद."

"कितना दिन?"

उस्तादांनी खांदे उडवले. सामान मिळेल तसं. मामांना थांबणं शक्यच नव्हतं, मधे लाईटचे वार होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, मानसाचं काय करायचं ते आता डाक्टरच्या हातात हाय. मी चुकलो त्यात. पन गाडीचं तरी माज्या हातात हाय ना?" मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मामांकडे बघून वाटत होतं की कुणीतरी या माणसाला काहीतरी करू द्यावं.

तळ्याकाठी, आंब्याच्या झाडाखाली त्यांनी ते औषध ओतलं. गाडी चालू ठेवून बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. मग खालचा बोल्ट काढला आणि ऑइल घमेल्यात पडायला लागलं. ऑइल कसलं, डांबरच. गुठळ्याच्या गुठळ्या. मामा घमेलं घेऊन चाळीभर फिरले. "बगा, बगा काय निघालं! एवढं हुतं पोटात!" बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. मामींनाही नेऊन दाखवलं. त्या अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, "बाई! बिचारी." त्यांना गाडीची दया आली होती.

पुढची खेप सुरेख झाली. इंजिनाचा आवाज मऊ झाला होता, धूर जवळजवळ नव्हता. येताना मामी झोपून गेल्या, एकदाही गाडी थांबवावी लागली नाही. चाळीपाशी उतरताना म्हणाल्या, "आज बरं वाटलं." मामा त्या दिवशी रस्त्यात भेटेल त्याची जीभ बघत सुटले. मी स्वतःहून दाखवली.

त्याच्या पुढच्या खेपेला, कशेळीच्या पुलावर चढताना, समोरच्या काचेखालचा ऑइलचा लाल दिवा लागला. मी बघितला, मामांनीही बघितला. दुसऱ्या कुणाला त्यांनी सांगितलं असतं की हा दिवा लागला की गाडी तिथल्या तिथे बंद करायची. पण मशिनीवर मामींची वेळ ठरलेली होती. वेळ चुकली की तो दिवस गेला. मामा दिव्याकडे बघत म्हणाले, "पूल उतरूं दे. फकस्त पूल उतरूं दे." पुलाच्या मध्यावर आतून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला, वाढला, आणि एका धक्क्याने सगळं थांबलं. हँडल घालून फिरवलं, तर हँडल जागचं हलेना. इंजिन जाम.

उस्ताद बोलले होते तसंच झालं होतं. सुटलेला मळ खाली जाऊन ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसला होता आणि जाळी बंद झाली होती. इंजिन ऑइलवाचून कोरडं चाललं होतं. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी पुलावर मागे ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, आणि मामा दोन्ही हातांनी हँडल धरून वाकून उभे होते. सुताचे बाचके नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने मामींना पुढे बसवून घेतलं, आणि गाडी कडेला ढकलून आम्ही दोघं मागे चढलो. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा मशीन बंद झाली होती.

शेठ मोठ्या मनाचे. त्यांनी कळल्याबरोबर नवी गाडी घेऊन जा म्हणून निरोप पाठवला. मामी नको म्हणाल्या. एरवी कशालाही नको न म्हणणारी बाई, पण इथे ऐकेना. मी समजावायला गेलो.

"शेठच्या गाडीत वांती झाली मंग?" त्या म्हणाल्या. "ते पुसतील ओ. मला ठाव हाय, ते खाली बसून पुसतील. सगळा जनम तेच केलं त्यांनी. माज्यासाठी न्हाय पुसायची शेठची गाडी."

"एसटीने जाऊ या का?"

"आपली हुईल ना नीट. मंग जाऊ."

मामांनीही तेच धरलं. आपली होईल ना नीट. उस्तादांनी इंजिन उतरवून ताडपत्रीवर मांडलं, आता उघडलंच आहे तर धुरासाठी रिंगही बदलायला घेतल्या. इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, घासायला मुंबईला गेला, बेअरिंग मिळेनात, मिळाले ते मापाचे निघाले नाहीत. उस्ताद बिचारे दुसऱ्या गाड्या बाजूला सारून हिच्याच मागे लागले होते. मामा दिवसभर गॅरेजमध्ये, रॉकेलच्या घमेल्यात एकेक भाग धुवून फडक्याने पुसत. डॉक्टरीणबाईंनी खंड पडू देऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि खंड पडत चालला होता. आम्ही कुणीच त्यांना ओढून का नेलं नाही, असं तुम्ही विचाराल. सांगून बघितलं, ओढूनही बघितलं. पण मामी अंथरुणातून हळू आवाजात म्हणत, "उद्या हुईल म्हनाले ते," आणि त्या उद्यावर दोघांचाही इतका जीव होता की पुढे बोलवत नसे.

एका सकाळी चाळीतली बाई ऑफिसात धावत आली. मी गॅरेजकडे गेलो. लांबूनच मला इंजिनाचा आवाज ऐकू आला, एकसारखा, संथ. मामा बॉनेटपाशी उभे होते, कोपरापर्यंत काळे, आणि हसत होते.

"भाऊ, ऐका! ऐका नुसतं! मामीला सांगा, लुगडं बदलून बस म्हनावं."

मी उभा राहिलो. उस्तादांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात घालून इंजिन बंद केलं. त्या शांततेत मामा एवढंच म्हणाले, "मी आत्ता नेनार हुतो तिला."

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. मामांनी एरंडेलाची बाटली पुन्हा उघडली नाही. चाळीतली पोरं सुटली, पण रविवारी गॅलरी रिकामी दिसली की तीही गप्प होत. कुणाची जीभ बघितली नाही. वर्ष सरायच्या आत त्यांनी गाडी उस्तादांना दिली आणि भावांकडे गावी निघून गेले. शेतावर राखणीला बसायचे म्हणे. तिकडेच गेले. मला कळलं तेव्हा त्यांचे दिवसही होऊन गेले होते. डॉक्टरीणबाईंना मी एकदा भेटून विचारलं होतं, सगळ्या लाईट पुऱ्या झाल्या असत्या तर? त्या म्हणाल्या, खात्रीने सांगता येत नाही, उशीरच झाला होता. हे मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना त्याचा काही उपयोग झाला असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही झाला नाही.

पण मला सांगायचाय तो नाशिकचा रस्ता. मामींच्या अस्थी घेऊन आम्ही गेलो, मामा आणि मी. गाडी त्यांचीच. तांब्याचा लोटा, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला, मागच्या सीटवर गोधडीत नीट बसवलेला. मी म्हटलं, मी मांडीवर घेतो. मामा म्हणाले, "नको. तिला ऐसपैस बसूं दे." कसाऱ्याचा घाट चढून गाडी वर आली आणि मामांनी ती कडेला घेतली. इंजिन चालू ठेवून खाली उतरले. मला वाटलं रेडिएटर बघतायत. मागे वळून बघितलं, तर ते गाडीच्या मागे जमिनीवर बसले होते. डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्यांनी धुराच्या नळीच्या तोंडाशी धरली होती. बराच वेळ धरली. मग उठले, मागचं दार उघडलं, आणि ती टोपी उलटीसुलटी करून लोट्यापुढे धरली.

"बग," मामा म्हणाले. "काय न्हाय."

टोपीवर डाग नव्हता. लोट्याला धक्का लागू नये म्हणून दार त्यांनी अगदी हळू लावलं.